कोंबडीची गोणी, दुसऱ्याची गव्हाण

पश्चिम सिंगापुरात राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांचा आठवड्याचा बाजार क्लेमेंटीत होतो. ॲव्हेन्यू ३ वरच्या ४४८ क्रमांकाच्या इमारतीतला बाजार असो की एमआरटी स्टेशनजवळची दुकाने, आपल्या ओळखीचे पुष्कळ काही तिथे मिळते. बांगडा तिथे केंबुंग म्हणून मिळतो, आणि रायगडच्या खारेपाटात पाहुण्याला मानाने वाढला जाणारा जिताडा सियाकाप किंवा सी-बास म्हणून. शिवाय कोळंबी, तिलापिया, लावांच्या ठिपकेदार अंड्यांचे डबे, शेळीचे दूध, मध. यांतला बांगडा समुद्रातला. त्याला कुणी खाऊ घातलेले नसते. पाळलेला जिताडा, कोळंबी, लाव, शेळी हे मात्र कुणाच्या तरी पिंजऱ्यात, तळ्यात किंवा गोठ्यात वाढतात आणि त्यांना रोज गोणीतून काढून खाद्य घातले जाते. त्या गोणीत कधी कधी औषधही असते. ते औषध कुणी, कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या जनावराला द्यावे आणि दिल्यावर किती दिवस थांबावे, याचे नियम हा या पुस्तकाचा विषय आहे.

औषधमिश्रित खाद्य म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. दहा हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये प्रत्येक कोंबडी धरून तिच्या चोचीत औषध घालता येत नाही. तळ्यातल्या माशाला सुई टोचणे त्याहून अवघड. म्हणून औषध खाद्यातच कालवतात. फीड मिलमध्ये एका टन खाद्यात काही ग्रॅम औषध पडते आणि मिक्सरमधून ते सगळीकडे सारखे पसरावे अशी अपेक्षा असते. औषध दोन कारणांनी घातले जाते. एक, रोग झाल्यावर किंवा होऊ नये म्हणून. दुसरे, जनावर लवकर वजन धरावे म्हणून. हे दुसरे कारण अमेरिकेत १९४९-५० च्या सुमारास पुढे आले. ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या उत्पादनातला उरलेला चोथा खाणारी कोंबडीची पिल्ले झपाट्याने वाढतात, असे लेडर्ले प्रयोगशाळेत स्टोक्स्टॅड आणि ज्यूक्स यांच्या लक्षात आले. पुढची वीस वर्षे जगभर खाद्यात प्रतिजैविके मिसळली गेली. १९६९ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान समितीने धोक्याची घंटा वाजवली. माणसाच्या उपचाराला लागणारी औषधे अशी रोज थोडी थोडी जनावरांच्या पोटात गेली, तर त्यांना न जुमानणारे जंतू तयार होतील, असे तिने सांगितले. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केले. हा इतिहास बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल, म्हणून तो इथेच सोडते.

कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की हे सगळे नियम, परवाने, मात्रा आणि लेबले मुख्यतः कोंबडी, डुक्कर आणि गाय यांच्याभोवती बेतलेली आहेत. त्याला कारण आहे. एखाद्या औषधाला एखाद्या प्राण्यासाठी मंजुरी हवी तर कंपनीला त्या प्राण्यावर चाचण्या कराव्या लागतात: मात्रा किती, विषबाधा कधी होते, मांसात, दुधात, अंड्यात औषध किती दिवस राहते. हा खर्च मोठा असतो. कोंबडीचा बाजार तो भरून देतो, लावेचा देत नाही. त्यामुळे लाव, ससा, शेळी, शहामृग, बेडूक, मधमाशी, जिताडा यांच्या नावाने मंजूर औषधे फार थोडी, आणि त्यांच्या नावाचे औषधमिश्रित खाद्य तर त्याहून थोडे.

कोणते जनावर महत्त्वाचे आणि कोणते दुय्यम, हे प्रत्येक देशाचा कायदा आपापल्या बाजाराकडे बघून ठरवतो. अमेरिकेने २००४ साली दुय्यम प्राण्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यात गाय, डुक्कर, कोंबडी, टर्की, घोडा, कुत्रा आणि मांजर हे सात मुख्य. बाकी सगळे दुय्यम. शेळी दुय्यम, मेंढी दुय्यम, सगळे मासे दुय्यम, मधमाशीही दुय्यम. युरोपच्या २०१९ च्या पशुऔषध नियमात मांसासाठीची मेंढी मुख्य यादीत आहे, पण घोडा आणि टर्की नाहीत. तीच मेंढी अटलांटिक ओलांडली की तिचा दर्जा बदलतो. महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर ही वाटणी आणखी खटकते. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या राज्यात एक कोटीहून अधिक शेळ्या होत्या. मराठवाड्यातली उस्मानाबादी, नगर-नाशिककडची संगमनेरी, विदर्भातली बेरारी, कोकणातली कोकण कन्याळ यांच्या जिवावर लाखो भूमिहीन घरे तगली आहेत. त्या घरांच्या दृष्टीने शेळी हेच मुख्य जनावर. औषधाच्या बाजारात मात्र तिच्यासाठी वेगळे संशोधन करावे इतकी तिची किंमत अजून झालेली नाही.

मग पाळणारा काय करतो? जवळच्या दुकानात जे मिळते ते आणतो. बहुतेक वेळा ते कोंबडीचे खाद्य असते. ते स्वस्त असते, त्यात प्रथिने भरपूर असतात आणि ते सगळीकडे मिळते. ‘कोंबडीला चालतं ना, मग हिला काय होतंय?’ हा प्रश्न मी अनेक गोठ्यांत ऐकला आहे आणि तो विचारणारा माणूस अडाणी नसतो. त्याला कुणी उत्तरच दिलेले नसते. उत्तर शरीरशास्त्रात आहे, आणि ते सविस्तर सांगण्यासाठी या पुस्तकातली पहिली तीन प्रकरणे खर्च केली आहेत. इथे त्यातले मुख्य तेवढे सांगते.

मोनेन्सिन हे कोंबडीच्या खाद्यातले नेहमीचे औषध. ते एका मातीतल्या जंतूपासून मिळते आणि अमेरिकेत १९७१ पासून कोंबड्यांना दिले जाते. कोंबडीच्या आतड्यात कॉक्सिडिया नावाचे परजीवी वाढतात आणि रक्ती हगवण लागते. मोनेन्सिन त्या परजीवीच्या पेशीत सोडियम घुसवते आणि परजीवी फुगून मरतो. कोंबडीला ते मानवते. शरीरवजनाच्या दर किलोमागे सुमारे २०० मिलिग्रॅम दिल्याशिवाय ते तिला मारक ठरत नाही. घोड्याला २ ते ३ मिलिग्रॅम पुरतात. माथेरानच्या चढावर पर्यटक वाहणारे तट्टू तीनशे किलोचे धरले आणि खाद्यात टनामागे ११० ग्रॅम मोनेन्सिन असले, तर साधारण सहा ते आठ किलो खाद्यात ते मरण्याइतके औषध त्याच्या पोटात जाते. औषध हृदयाच्या स्नायूवर घाव घालते. जे तट्टू वाचते तेही पुढे कधी चढावर अचानक कोसळू शकते, कारण मेलेला हृदयस्नायू भरून येत नाही. याच कुळातले सॅलिनोमायसिन कोंबडीला चालते, टर्कीला मात्र विषारी ठरते. उंटांनाही ही औषधे सोसत नाहीत. पक्षी म्हणजे पक्षी, सस्तन म्हणजे सस्तन, असा हिशेब इथे चालत नाही.

सशाची गोष्ट आणखी वेगळी. सशाचे जगणे त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यातल्या जंतूंवर चालते. लिन्कोमायसिन किंवा ॲम्पिसिलिन तोंडावाटे गेले की तिथले उपयोगी जंतू मरतात, विष सोडणारे क्लॉस्ट्रिडियम माजतात आणि पातळ हगवण लागून ससा दगावतो. गायीला सुईतून दिलेले ॲम्पिसिलिन उपचार असते. सशाच्या खाद्यात तेच काळ होऊन येते. मेंढीचे दुखणे औषधाचे नसून तांब्याचे आहे. डुकराच्या किंवा कोंबडीच्या खाद्यात घातलेले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि एके दिवशी रक्त फुटून लघवी लालकाळी होते. हे जनावर काल खाल्लेल्यामुळे मेले असे पाळणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ते महिनोन्‌महिने मरत असते.

फीड मिलमध्येही एक धोका असतो आणि तो दिसत नाही. कोंबडीच्या औषधमिश्रित खाद्याचा घाणा संपला आणि त्याच मिक्सरमध्ये शेळीचे साधे खाद्य घातले, तर आधीच्या घाण्यातले काही औषध पुढच्या गोणीत उतरते. गोणीवर औषधाचे नाव नसते, पण आत औषध असते. म्हणून चांगल्या मिलमध्ये दोन घाण्यांच्या मधे कोंडा किंवा मका फिरवून मिक्सर धुऊन काढतात आणि घाण्यांचा क्रम ठरवून लिहून ठेवतात. युरोपच्या २०१९ च्या औषधमिश्रित खाद्याच्या नियमाने, जो २८ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, या वाहून जाणाऱ्या औषधावरही मर्यादा घालण्याची सोय केली. माझ्या मते त्या नियमातले हे सर्वांत शहाणे कलम आहे, कारण पाळणाऱ्याची कोणतीही चूक नसताना घडणारी विषबाधा त्यामुळे टळते.

जनावर मेले तर निदान कळते. जगले आणि त्याच्या मांसात, अंड्यात, मधात औषध उरले तर कळत नाही, आणि इथे नियमाचा घोळ मोठा आहे. कोंबडीच्या मांसात एखाद्या औषधाचा किती अंश चालेल हे आकड्यात लिहिलेले असते. त्याच औषधासाठी लावेच्या मांसाचा आकडा लिहिलेलाच नसतो. मग काही देशांत त्याकडे दुर्लक्ष होते आणि काही देशांत ते शून्य धरले जाते. जपानने २००६ पासून आकडा नसलेल्या प्रत्येक रसायनासाठी दहा लाख भागांत ०.०१ भाग इतकी सरसकट मर्यादा लावली. २०१२ मध्ये त्याचा फटका भारताच्या कोळंबीला बसला. एथॉक्सिक्विन हे मासळीच्या पिठाला खवटपणा येऊ नये म्हणून घातले जाणारे रसायन. ते औषधही नव्हे. कोळंबीच्या खाद्यातून ते कोळंबीत उतरले, जपानच्या बंदरावर सापडले, आणि आंध्रपासून कोकणापर्यंतच्या कोळंबी पाळणाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. २०१४ मध्ये जपानने मर्यादा ०.२ केली तेव्हा कुठे व्यापाराला श्वास घेता आला. तळ्यावरच्या माणसाने गोणीवरचे लेबल वाचून हे कळणे शक्यच नव्हते. तो शब्द त्याने कधी ऐकलाही नव्हता.

मधाच्या बाबतीतही तेच. युरोपीय संघाने २०१० मध्ये भारतीय मधाची आयात थांबवली, त्यामागे प्रतिजैविकांच्या अंशांची आणि जड धातूंची चिंता होती. पुढच्या वर्षी ती बंदी उठली. मधमाशीच्या बाबतीत खाद्य म्हणजे पावसाळ्यात पेटीत ठेवलेला साखरेचा पाक, आणि फाउलब्रूड नावाच्या रोगासाठी ऑक्सिटेट्रासायक्लिन त्या पाकातून किंवा पिठीसाखरेतून दिले जाते. ते पोळ्यात राहते आणि पुढे मधात येते. महाबळेश्वरच्या मधपाळांना हे सांगण्याची फार गरज आहे. तिथले मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले आणि त्या नावाची किंमत पाकात काय मिसळले यावर ठरणार आहे. त्यात आपल्या सातेरी माशीच्या वसाहती नष्ट करणारा थाई सॅकब्रूड हा विषाणूचा रोग. त्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही. औषध वाया जाते, मध नासतो आणि वसाहत मरायची ती मरतेच.

आता सिंगापूर. या विषयासाठी या चिमुकल्या देशाकडे बघावे असे मला का वाटते, ते सांगायला हवे. साठ-सत्तरच्या दशकांत इथेही घरोघर डुकरे आणि कोंबड्या होत्या. १९८४ मध्ये सरकारने डुक्कर पालन टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आणि १९९० च्या आसपास पुंगोलची शेवटची डुकरे गेली. गायींचे गोठेही जवळजवळ सगळे गेले. उरल्या त्या अंड्यांच्या कोंबड्यांच्या मोजक्या मोठ्या फार्म, आणि त्यांच्याशिवाय जे काही उत्तर-पश्चिमेच्या लिम चू कांग भागात आणि जोहोरच्या सामुद्रधुनीत पाळले गेले ते सगळे ‘दुय्यम’ वर्गातले: लावा, शेळ्या, अमेरिकन बुलफ्रॉग, क्रांजीकडच्या मगरी, तरंगत्या पिंजऱ्यांतले जिताडे आणि ग्रूपर. जगातल्या बहुतेक देशांत जो अपवाद असतो, तो इथे अंड्यांच्या कोंबड्या सोडल्या तर जवळपास संपूर्ण पशुपालन आहे. इथल्या नियामकाला दुय्यम प्राण्यांचा विचार शेवटच्या पानावर ढकलता येत नाही.

शिवाय हा देश नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणतो. बंदरावर नमुने तपासता येतात, माल परत पाठवता येतो, पण औषध गोणीत पडले तो क्षण दुसऱ्या देशातल्या मिलमध्ये किंवा तळ्याकाठी येऊन गेलेला असतो. २०१५ मध्ये याचा कठोर अनुभव आला. इथे भातपेजेबरोबर कच्च्या माशाच्या चकत्या खाण्याची पद्धत होती. त्या वर्षी धडधाकट, मध्यम वयाची माणसे मेंदूज्वर आणि सांध्यांच्या जंतुसंसर्गाने रुग्णालयांत येऊ लागली. कारण निघाले ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, त्यातही एसटी-२८३ ही जात, आणि तिचा माग कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशांपर्यंत लागला. रुग्ण शंभराहून अधिक होते. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने खायला तयार अशा कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशांची विक्री थांबवली. पुढे संशोधकांना हीच जात आग्नेय आशियातल्या तिलापियामध्ये सापडली. तिलापियाच्या तळ्यांत स्ट्रेप्टोकॉकस शिरला की पाळणारा औषध घातलेल्या खाद्याकडे वळतो, हे त्या धंद्यातले नेहमीचे दृश्य. जंतू पाळीव माशातून माणसात आला आणि त्या माशाला काय खायला घातले गेले याची कुठेही नोंद नाही, अशी ती अवस्था. क्लेमेंटीतल्या पेजेच्या दुकानात वाटी समोर घेऊन बसणाऱ्या माणसाला तळ्यावरच्या गोणीशी जोडणारा कागद असायला हवा, हे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

१ एप्रिल २०१९ ला सिंगापूर फूड एजन्सी स्थापन झाली. त्याआधी, २०१७ मध्ये, माणूस, जनावर, अन्न आणि पर्यावरण यांना एकत्र धरणारा औषध-प्रतिकाराचा राष्ट्रीय आराखडा आला होता. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने अन्न सुरक्षा आणि सुरक्षितता विधेयक मंजूर केले. ते टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत लागू व्हायचे आहे आणि अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांच्या खाद्यावर नियंत्रण हाही त्याचा भाग आहे. कायदा झाला, पण नियम अजून पूर्ण उतरलेले नाहीत, अशी ही वेळ आहे. हे पुस्तक आत्ता लिहिण्याचे एक कारण तेच.

भारताकडे कायदे नाहीत असे कुणी म्हणू नये. २०१२ मध्ये औषध नियमांतल्या नियम ९७ मध्ये दुरुस्ती झाली आणि अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधावर ‘औषध दिल्यावर किती दिवस थांबायचे’ हे छापणे बंधनकारक झाले. तो काळ ठरलेला नसेल तर अंडी आणि दुधासाठी किमान ७ दिवस, कोंबडी आणि सस्तन प्राण्यांच्या मांसासाठी २८ दिवस, आणि माशांसाठी ५०० अंश-दिवस. हा शेवटचा आकडा मला फार आवडतो, कारण तो लिहिणाऱ्याला माशाचे शरीर ठाऊक होते. मासा थंड रक्ताचा. पाणी जितके गार, तितके औषध त्याच्या अंगातून हळू उतरते. म्हणून पाण्याचे तापमान गुणिले दिवस, असा हिशेब. जोहोरच्या सामुद्रधुनीत पाणी २९ अंश असेल तर जिताड्यासाठी साधारण १७-१८ दिवस थांबावे लागेल. अलिबागच्या तळ्यात जानेवारीत पाणी २२ अंशांवर आले तर २३ दिवस. हा नियम मराठीत, तळ्याकाठी, थर्मामीटरसह शिकवला गेला तर कितीतरी प्रश्न मिटतील. अजून तो औषधाच्या पेटीवर बारीक इंग्रजी अक्षरांत राहिला आहे.

जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी, जलचरांसाठी आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनच्या उत्पादन-विक्रीवर बंदी घातली. माणसाच्या उपचारात बाकी सगळे हरल्यावर हाताशी उरते ते औषध हे. ही बंदी योग्यच होती. २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान्सवरही अन्न देणाऱ्या सर्व प्राण्यांसाठी तशीच बंदी आली. बंदी घालण्यात आपण मागे नाही. पण बंदी नसलेली औषधे कुणाच्या चिठ्ठीने, कोणत्या खाद्यात, कोणत्या प्राण्याला द्यायची, याची साखळी आपल्याकडे सैल आहे. कायद्यात चिठ्ठी लागते, दुकानात बहुधा लागत नाही. पशुखाद्याची भारतीय मानके आहेत, पण ती पाळणे बहुतांशी मिलच्या मर्जीवर आहे. शेळीवाल्याने तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन ‘माझ्या पंचवीस करडांना रक्ती हगवण आहे, खाद्यातून काय देऊ?’ असे विचारले, तर तिथल्या डॉक्टरकडे देण्यासारखे मंजूर उत्तर नसते. तो एक तर नाही म्हणतो किंवा कोंबडीच्या औषधाचे नाव कागद न करता तोंडी सांगतो. दुसऱ्या मार्गात करडे कदाचित वाचतात, पण पुढे मांसात काय उरले याला कुणीही उत्तरदायी राहत नाही.

या पेचावर अमेरिकेने काढलेली वाट मला अभ्यासण्यासारखी वाटते, तिच्यातल्या त्रुटींसकट. तिथे १९९४ च्या कायद्याने पशुवैद्याला लेबलाबाहेरचे औषध देण्याची मुभा दिली, पण खाद्यातून नाही. खाद्यातले औषध लेबलावर लिहिलेल्या प्राण्यालाच, लिहिलेल्या मात्रेतच. मग तितर पाळणारा काय करणार? हरणे, ससे आणि मासे पाळणारा काय करणार? म्हणून अन्न व औषध प्रशासनाने दुय्यम प्राण्यांपुरते एक धोरण लिहिले. प्राणी बंदिस्त पाळलेला असावा, रोगामुळे त्याच्या जिवाला धोका असावा, दुसरा मंजूर उपाय नसावा, त्या प्राण्यांना ओळखणाऱ्या पशुवैद्याची लेखी शिफारस असावी, खाद्य आधीपासून दुसऱ्या प्राण्यासाठी मंजूर असलेलेच आणि त्याच मिश्रणाचे असावे, माशाला दिले तर जलचरांसाठी मंजूर झालेलेच असावे. वाढीसाठी वापर अजिबात नाही. या अटी पाळल्या तर प्रशासन सहसा कारवाई करत नाही. कायद्याने ते अजूनही बेकायदेशीरच आहे आणि ही त्या धोरणाची मोठी उणीव. पाळणारा आणि पशुवैद्य दोघेही अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतात. युरोपचा मार्ग जास्त कडक आणि जास्त स्पष्ट: प्रतिजैविक असलेल्या खाद्याची चिठ्ठी पाच दिवसच चालते, औषधाच्या मंजुरीत काळ दिलेला नसेल तर उपचार दोन आठवड्यांहून अधिक नाही, आणि रोग नसताना ‘होऊ नये म्हणून’ ते द्यायचे नाही.

माझे मत मी लपवत नाही. दुय्यम प्राण्यांसाठी खाद्यातून औषध देणे पूर्ण बंद करा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बंदी आली की गोणी रात्री येते, चिठ्ठी नाहीशी होते आणि थांबण्याचे दिवस कुणीच मोजत नाही. उलट ‘शेतकऱ्याला त्रास नको’ म्हणून सगळे मोकळे सोडा, हेही मला मान्य नाही. त्या मोकळीकीची किंमत शेवटी अतिदक्षता विभागातला रुग्ण मोजतो. अरुंद पण कायदेशीर दार हवे, आणि त्या दारातून जाणाऱ्याचे नाव नोंदले जावे.

आणि एक गोष्ट नियम लिहिणाऱ्यांनी विसरू नये. आजारी जनावर खात नाही. मासा आजारी पडला की आधी त्याची भूक जाते. औषध घातलेले खाद्य निरोगी मासे खातात, आजारी मासे उपाशी राहतात आणि उरलेल्या गोळ्या तळाच्या गाळात जातात. समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी ऑक्सिटेट्रासायक्लिन बांधले जाते आणि त्याचा गुण आणखी घटतो. सिंगापूरच्या पाण्यातल्या जिताड्यांवर आलेला खवले गळण्याचा रोग विषाणूचा होता. तिथे प्रतिजैविक निरुपयोगीच. नॉर्वेने १९८७ मध्ये सॅमनवर ५० टनांच्या आसपास प्रतिजैविके वापरली. लशी आल्या, पिंजऱ्यांमधले अंतर वाढले, जागा बदलून विश्रांती दिली गेली, आणि नव्वदीच्या मध्यापर्यंत तो वापर एक-दोन टनांवर आला. या काळात सॅमनचे उत्पादन वाढतच होते. तितराला, लावेला, जिताड्याला, सातेरीला अशा लशी आणि रोगमुक्त पिल्ले मिळवून देण्यावर सरकारांनी पैसा घालावा, कारण कंपन्या घालणार नाहीत. लावेचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९७४ मध्ये जपानी लाव भारतात आणली गेली आणि इज्जतनगरच्या सरकारी प्रयोगशाळेतून ती गावोगाव पोचली. पक्षी पोचवता आला तर त्याचे औषधशास्त्रही पोचवता येईल.

शरीरशास्त्राच्या तीन प्रकरणांनंतरची प्रकरणे प्राण्यांनुसार लावली आहेत: शेळी-मेंढी, ससा, लाव आणि टर्की, मासे व कोळंबी, बेडूक, मधमाशी. प्रत्येकात कोणते औषध खाद्यातून कधीही देऊ नये याची यादी आधी आहे, काय देता येते ते नंतर. वाचकाने घाईत पान उघडले तरी जीव वाचवणारी गोष्ट त्याला आधी दिसावी, म्हणून हा क्रम. मासे व कोळंबीच्या प्रकरणात अंश-दिवसांचा तक्ता महिन्यांनुसार दिला आहे, कोकणासाठी वेगळा आणि सिंगापूरसाठी वेगळा. शेवटच्या भागात गोणीच्या लेबलाचा एक मराठी मसुदा आहे. त्यात औषधाचे नाव, टनामागे ग्रॅम, कोणत्या प्राण्यासाठी आणि कोणत्या प्राण्यांना मुळीच नको, चिठ्ठी देणाऱ्या पशुवैद्याचा नोंदणी क्रमांक, घाण्याचा क्रमांक, आणि मांस, दूध, अंडी, मध यांसाठी थांबायचे दिवस मोठ्या अक्षरांत आहेत. ‘घोड्याला घालू नका’ हे वाक्य चौकटीत, सगळ्यात वर. हा मसुदा कुणीही घ्यावा, बदलावा, छापावा. मिलवाल्यांनी तो आपल्या गोणीवर शिवला तर त्यासाठी परवानगी विचारण्याची गरज नाही.